नाला वाकडा आहे, तो वाकडाच राहू द्या

येत्या जिल्हा बैठकीपुढे नाला खोलीकरणाचा विषय आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांची मते ऐकली तर दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, शेजारच्या गावात मशीन आले, आमच्या गावात अजून का नाही? मोर्चा काढू. दुसरा म्हणतो, आमच्या गावात मशीन आले आणि वावर घेऊन गेले. भरपाई मागू. दोघेही खरे बोलतात. एकाच तालुक्यात, एकाच योजनेत, एकाच बनावटीच्या पोकलेनने एकाची विहीर भरली आणि दुसऱ्याचा काठ ढासळला. हे कसे झाले? याचे उत्तर कचेरीतल्या फाइलीत सापडणार नाही. ते नाल्याच्या काठावर उभे आहे, झाडांच्या रूपाने. ते वाचता आले तर बैठकीतला निम्मा वाद मिटेल, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. आम्ही शेतकीचे पदवीधर. कॉलेजात आम्हाला पीक शिकवले, खत शिकवले, कीड शिकवली. नाल्याचा काठ मात्र 'पडीक' या एका शब्दात संपला. नोकरी सोडून चळवळीत आलो तेव्हाही तो शब्द डोक्यात होताच. गावोगाव आम्ही सांगत फिरलो की काठ साफ करा, बाभळीच्या सावलीने पऱ्हाटी मारली जाते, झाडांवरची पाखरे ज्वारी खातात. लोकांनी ऐकले. ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या वावराला नाल्याचे वळण लागून होते. त्याने वळणावरच्या बाभळी काढल्या. पुढे एका जोराच्या पुरात काठाची पट्टीच्या पट्टी नाल्यात बसली. आम्ही पाहायला गेलो तेव्हा तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊ, बाभयीची सावली चार तासावर पडे. आता तास बी नाही अन् बाभय बी नाही."

त्या दिवसापासून आम्ही नाल्याकडे नव्याने पाहायला लागलो. पुढे लिहिले आहे ते तिथून शिकलेले.

आपण पूर्णेच्या खोऱ्यातले लोक. पूर्णा सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. तिला उत्तरेकडून गाविलगडच्या डोंगरातून शहानूर, चंद्रभागा, वाण अशा नद्या येतात. दक्षिणेकडून वाशीम-पातूरच्या पठारावरून काटेपूर्णा, मोर्णा, मन येतात. गाविलगडचे माथे हजार-अकराशे मीटर उंच आणि अकोल्याचे मैदान तीनशे मीटरांच्या आत. एवढा उतार पाणी थोड्याच अंतरात उतरून येते. त्या उतारावर जमिनीचा आकार तीनदा बदलतो, आणि जमिनीबरोबर नाल्याचा आकार व काठावरचे झाडही तीनदा बदलते.

पहिला टप्पा डोंगरातला. इथे ओढा दोन टेकड्यांच्या कात्रीत सापडलेला असतो. त्याला पसरायला जागा नाही. तळाला काळा दगड, मोठे गोटे. पाऊस पडला की पाणी घटकेत चढते आणि काही तासांत उतरते. इथे काठावरचे रान म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक रांग. मुळ्या दगडाच्या भेगांत गेलेल्या. पण दोन्ही टेकड्यांचे पाझर याच कात्रीत उतरतात, म्हणून ओल टिकते. चैत्रात वर पाहा, दहा पावलांवर साग, धावडा, सालई उघडी बोडकी उभी असतात. खाली ओढ्यात जांभूळ, आंबा, अर्जुन हिरवेगार. माती तीच, पाऊस तोच. फरक फक्त जमिनीच्या आकाराचा आहे.

दुसरा टप्पा डोंगराच्या पायथ्याचा. कडा संपतो, उतार एकदम कमी होतो. धावत आलेल्या पाण्याचा जोर मोडतो आणि त्याने वाहून आणलेले ओझे ते टाकत जाते. जड ते आधी, हलके ते नंतर. म्हणजे आधी गोटे, मग खडी, मग वाळू. भूशास्त्राचे लोक या पट्ट्याला बझाडा म्हणतात. इथे नाला खोल नसतो, रुंद असतो. तो दोन-तीन फाट्यांत फुटतो आणि मोठ्या पुरात वाट बदलतो. मधली खडीची बेटे कधी तयार होतात, कधी वाहून जातात. अशा जागी झाडाला म्हातारपण येत नाही. बेटांवर कांस, निर्गुडी, झाऊ अशी वाकणारी, तुटली तरी पुन्हा फुटणारी जात टिकते. अर्जुन आणि करंज उभे राहतात ते पाण्यापासून दूर, जुन्या उंच काठावर. हिवाळ्यात पात्र कोरडे दिसते, पण पाणी खडीत उतरलेले असते. अचलपूर-अंजनगावच्या संत्र्याच्या बागा या पट्ट्याला लागून उभ्या आहेत, आणि त्यांच्या विहिरींना याच मुरलेल्या पाण्याचा आधार आहे.

तिसरा टप्पा आपला, मैदानातला. शेकडो फूट जाडीचा गाळ. उतार इतका कमी की पाण्याला घाई नाही. घाई नसलेले पाणी नागमोडी वाहते. प्रत्येक वळणावर दोन काठ दोन तऱ्हेचे असतात. बाहेरच्या काठावर पाण्याची धार आपटते, तिथे सरळ उभी दरड. आतल्या काठावर पाणी सुस्त, तिथे गाळ बसतो. म्हणून आतल्या काठावरची झाडे पायऱ्यांसारखी लागलेली दिसतात. पाण्यालगत लव्हाळा आणि हराळी, त्यामागे निर्गुडी, त्यामागे बाभळीची रोपे, आणि सगळ्यात मागे जुनी बाभूळ, निंब, करंज. जसजसा गाळ साठत गेला तसतसे एकेक पाऊल रान पुढे आले. बाहेरच्या काठावर असा क्रम नाही. तिथे एखादे जुने उंबर किंवा बाभूळ उघड्या मुळ्यांनिशी काठ धरून बसलेली असते. ती पडली की वावर पडते.

याच टप्प्यात खारपाणपट्टा आहे. इथली माती चिकण आणि सोडियम धरून बसलेली, म्हणजे चोपण. अशी माती भिजली की तिचे कण एकमेकांना सोडतात. पाण्यात टाकलेल्या साखरेच्या ढेपेसारखी ती विरते. पाणी भेगेतून आत शिरते, आतून बोगदा करते आणि काठ खाली बसतो. खारपाणपट्ट्यातल्या नाल्यांच्या घळी अशाच झाल्या आहेत. इथे थोड्याच जाती तग धरतात: बाभूळ, पळस, करंज आणि अलीकडची वेडी बाभूळ. जिथे बेशरम माजली आहे तिथे पाणी साचते आणि गाळ हलत नाही, हे न सांगता कळते.

झाड पाहून जमीन ओळखणे आपल्याला नवे नाही. वावर खरीदताना आपला म्हातारा आधी धुऱ्यावरचे झाड पाहत असे आणि मग मातीला हात लावत असे. नाल्याच्या बाबतीत तेवढेच करायचे आहे.

आता मशीनकडे येऊ. मशीनला डोंगर, पायथा, मैदान कळत नाही. अंदाजपत्रकात नाल्याचा एकच छेद काढलेला असतो. इतकी रुंदी, इतकी खोली, सरळ रेषा, उभे काठ. नाल्याच्या तीन टप्प्यांवर तो एकच सदरा चढवला जातो. मग काय होते?

नाला सरळ केला की त्याचा उतार वाढतो. हिशेब सोपा आहे. समजा, नाला वळणे घेत तीन किलोमीटर जातो आणि तेवढ्यात सहा मीटर उतरतो. म्हणजे किलोमीटरला दोन मीटर. वळणे काढून तो दोन किलोमीटरचा केला. उतरायचे मात्र सहा मीटरच आहे. झाले किलोमीटरला तीन मीटर. पाण्याचा वेग वाढला. वेगवान पाणी मुरत नाही, ते खरवडते. तुमच्या शिवारातली वळणे काढली की खालच्या शिवाराला पूर लवकर आणि जोराने जातो.

नाला खोल केला की काठाची उंची वाढते. झाडाच्या मुळ्या जिथवर पोहोचल्या आहेत तिथवर त्या माती बांधून ठेवतात. त्याखाली पाच-सहा फूट नवी दरड उघडी पडली तर झाड टांगणीला लागते. पुरात काठ भिजून जड होतो. पूर भरलेला असतो तोवर पाण्याचाच त्याला टेका असतो. पूर झपाट्याने उतरला की टेका जातो आणि ओला, जड काठ झाडासकट खाली येतो. म्हणून काठ बहुधा पूर चढताना पडत नाही, उतरताना पडतो. रात्री पाणी पाहून निर्धास्त झोपलेल्या माणसाचे वावर सकाळी नाल्यात दिसते ते यामुळे. त्यात खोदलेली माती काठावरच ढीग करून ठेवलेली असते. आधीच डळमळीत काठाच्या डोक्यावर ते ओझे.

तिसरी गोष्ट घळ वर चढण्याची. नाल्याचा एक तुकडा खोल केला की वरच्या टोकाला पायरी तयार होते. प्रत्येक पावसाळ्यात ती पायरी मागे सरकते. ज्याच्या वावरात मशीन गेलेच नाही, त्याच्याही वावरातला लहान ओहोळ खोल व्हायला लागतो. त्याला भरपाई कोण देणार? त्याचे नाव तर कामाच्या यादीतही नाही.

आणि चौथी गोष्ट पाण्याची. खोल नाला पाणी मुरवतो, हे नेहमी खरे नाही. खाली खडी किंवा भेगाळ खडक असेल तर पाणी मुरते. खाली चोपण माती असेल तर पाणी उभे राहते आणि उन्हाने उडते. काठच्या जमिनीतल्या पाण्याची पातळी नाल्याच्या नव्या तळापेक्षा वर असेल तर तोच नाला चर होऊन ते पाणी ओढून नेतो. मग काठचे उंबर वाळते आणि शेजारची विहीर लवकर आटते.

धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून बंधारे बांधले आणि पाणी वाढवून दाखवले. त्या कामाचा आम्ही अवमान करत नाही. पण ते काम तिथल्या खालच्या थरांचा अभ्यास करून, तापीकाठची जमीन पाहून केलेले होते. नक्कल करणाऱ्यांनी अभ्यास सोडला आणि खड्डा तेवढा उचलला. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्यावर साडेनऊ हजार कोटी रुपयांहून जास्त खर्च झाला. २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे आला. गावांची पाण्याची तूट भरून काढण्यात आणि भूजल वाढवण्यात या खर्चाचा फारसा परिणाम दिसला नाही, असे त्यात म्हटले होते. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला. योजना बंद करा असे आमचे म्हणणे नाही. नाला न पाहता नाला खोदू नका, एवढेच म्हणणे आहे.

आता शेतकऱ्याच्या बाजूचे आक्षेप. ते खरे आहेत, उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप, काठावर रान ठेवले की रोही आणि रानडुक्कर तिथेच मुक्कामाला येतात. येतात. रात्रभर जागलीला बसणाऱ्या माणसाला झाडांचे कौतुक सांगायला आम्हाला तोंड नाही. पण कुठल्या रानात येतात ते पाहा. डुकराला जमिनीलगतची दाट जाळी लागते. ती वेडी बाभूळ, घाणेरी आणि बेशरम यांची असते. जुना काठ तोडल्यावर, उकरलेल्या मातीच्या ढिगांवर सगळ्यात आधी हीच उगवतात. उंच बुंध्याच्या अर्जुन-करंजाखाली डुकराला लपण कमी मिळते. म्हणजे काठ साफ करून आपण जंगली जनावराला घर बांधून देतो. वेडी बाभूळ काढा, जरूर काढा. पण काढलेल्या जागी दुसरे काही लावल्याशिवाय सोडू नका.

दुसरा आक्षेप सावलीचा आणि पाखरांचा. सावलीने काठालगतची काही तासे मार खातात हे खरेच आहे. पाखरे ज्वारी खातात तशी बोंडअळीही टिपतात, पण त्याचा हिशेब शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी करावा, आमच्या सांगण्यावरून नको. एकदा आमच्या सांगण्याने झाले तेवढे पुरे. निंबाची मात्र खात्री देतो. पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस कृषी विद्यापीठ कपाशीवर करते, आणि ती निंबोळी दुकानातून आणायची की काठावरून वेचायची हा तुमच्या खिशाचा प्रश्न आहे. करंजीची ढेप, बाभळीचे लाकूड, बकऱ्यांना शेंगा, यांचाही हिशेब मांडा.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनाचा. झाड माझे आहे का? १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर नाल्याचे पात्र सरकारचे. काठ सातबाऱ्यावर माझा. पण १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात जांभूळ, आंबा, चिंच, मोह, साग ही झाडे अनुसूचीत आहेत. माझ्याच वावरातले जांभूळ तोडायचे तर परवानगी लागते. शहाणा शेतकरी काय करतो? जांभळाचे रोप हाताएवढे असतानाच उपटून टाकतो. पुढची कटकट नको. झाड वाचवायला केलेल्या कायद्याने झाड उगवायचेच थांबवले. आणि ज्या काठावर शेतकऱ्याने एक फांदी तोडली तर नोटीस येते, त्याच काठावर सरकारी कामाचे मशीन एका दुपारीत झाडांची रांग आडवी करते. त्या मशीनला नोटीस दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हा कुठला न्याय?

म्हणून बैठकीत आम्ही चार गोष्टी ठरावासाठी मांडणार आहोत.

एक. कुठल्याही नाल्यावर मशीन उतरण्याआधी उगमापासून संगमापर्यंत तो पायी चालून पाहावा. बरोबर काठचे शेतकरी असावेत. नाल्याचे तुकडे पाडावेत: दगडी, खडीचा, मातीचा, चोपण. प्रत्येक तुकड्याचे अंदाजपत्रक वेगळे असावे.

दोन. पायथ्याच्या खडीच्या पट्ट्यातली खडी-वाळू उचलू नये, फाटे बुजवू नयेत. चोपण पट्ट्यात खोली वाढवू नये, बंधाऱ्यामागचा गाळ तेवढा काढावा. मातीचा काठ जिथे कापावाच लागेल तिथे उभा न ठेवता एक फूट खोलीला निदान दोन फूट असा उतार द्यावा. माती काठावर न टाकता वावरात न्यावी.

तीन. वळणे सरळ करू नयेत. बाहेरच्या काठावरच्या मोठ्या झाडाला हात लावू नये. जिथे ते नाही तिथे पायथ्याला लव्हाळा आणि वाळा, मध्ये निर्गुडी आणि वर करंज, बाभूळ, निंब लावावे. आतल्या काठावर काही लावायची गरज नाही. चराई दोन पावसाळे आवरली तर तिथे नाला आपणच लावतो.

चार. काठाची पट्टी जो शेतकरी झाडाखाली ठेवील, त्याने लावलेल्या व वाढवलेल्या झाडांवर त्याचा पूर्ण हक्क असावा, तोडण्याचाही. आणि सरकारी कामामुळे ज्याचा काठ ढासळला त्याला जमिनीची भरपाई मिळावी. शेजाऱ्याच्या वावरातल्या खोदकामाने घळ वर चढली असेल तर त्यालाही.

या मागण्या कोणी पर्यावरणाच्या नावाने फुकट मागितलेल्या नाहीत. वावर हे आपले भांडवल आहे. बियाण्याला कर्ज मिळते, खताला उधारी मिळते. नाल्यात गेलेली काळी माती कुठल्या बँकेत मिळत नाही.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. आपला नाला एक दिवस चालून पाहावा. बरोबर गावातला एक म्हातारा आणि एक शाळकरी पोरगा घ्यावा. म्हाताऱ्याला विचारावे, तुमच्या लहानपणी नाला कुठून वाहत होता? पोराने वहीत लिहावे: कुठे वळण आहे, कुठे दरड आहे, कुठे काय उभे आहे, कुठे बेशरम आहे, कोणाचे किती वावर गेले. आम्ही असेच एका नाल्यावर कागद पसरून बसलो होतो, तेव्हा एक बाई सरपणाचा भारा घेऊन जाता जाता थांबली आणि म्हणाली, "पाणी काई नकाशा पाहून येत नाई, भाऊ. मी दाखवतो कुठून येते ते." तिने दाखवलेली वाट आमच्या नकाशावर नव्हती. तिथे अर्जुनाची तीन झाडे मात्र होती.

अशा पन्नास वह्या बैठकीत टेबलावर आल्या तर अधिकाऱ्याशी बोलायला आपल्याला मोठ्या आवाजाची गरज पडणार नाही. वही आणायला विसरू नका.